अकरा खटके

राइलीबाईंकडे परवाना होता,
एकेचाळीस वर्षांपूर्वीचा, फोटोत दोन वेण्या.
गाडी मात्र कायम ओइवानंच चालवली.
सप्टेंबरात तो गेला,
आणि केमियार्वीला जाणारी बस आठवड्यातून दोनदा.
म्हणून मी. निवृत्त मास्तर,
तासाला पस्तीस युरो, कॉफी त्यांची.

पहिल्या तासाला इंजिन सुरूच केलं नाही.
"कोट काढा," म्हटलं.
बाहेर उणे एकोणीस. त्यांनी असं पाहिलं
की मी जणू त्यांना तळ्यात ढकलतोय.
जाड कोटावरून बांधलेला पट्टा
धक्का बसला की कोटाला धरतो, बाई, तुम्हाला नाही.
खालचा पोटावर नको, कमरेच्या हाडावर.
वरचा मानेला घासतोय? खांबावरची कळ दाबा,
हं, आता खाली.

मग सीट.
ओइवा ताडमाड. यांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात,
आणि ज्या आरशात त्याला मागचा रस्ता दिसायचा
त्यात यांना दिसत होतं नुसतं छत.
दांडा ओढून त्या पुढे सरकू लागल्या.
खट्. खट्. ओठ हलत होते.
मला वाटलं, प्रार्थना. मोजत होत्या.
"अकरा," म्हणाल्या,
आणि पेट्रोलच्या पावतीमागे लिहून ठेवलं.
"परत मागे घेताना लागेल."
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

डोक्यामागची उशी मीच खाली केली.
ती डुलकी काढायला नसते,
मागून कुणी आदळलं तर मान शाबूत राहावी म्हणून असते,
तिचा माथा आपल्या माथ्याशी हवा.
कापडात एक पांढरा केस अडकला होता, आखूड.
त्यांनी काढला नाही. मीही नाही.

तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या लाकूड गिरणीचं आवार,
काचेसारखा बर्फ, दुपारी दोनलाच लावलेले दिवे.
"ब्रेक मारा. जोरात. मागे कोणी नाही."
मारला.
पेडल पायाखाली थडथडलं, करकरलं,
आणि निखाऱ्यावर पडल्यागत त्यांनी पाय उचलला.
"मोडली!"
"मोडली नाही. थरथरते म्हणजे काम करतेय.
चाकं अडकून घसरू नयेत म्हणून
तीच ब्रेक धरते, सोडते, धरते.
तुम्ही फक्त दाबून ठेवायचं. सोडायचं नाही."

बराच वेळ त्या स्टिअरिंगकडे बघत बसल्या.
"शेवटी शेवटी त्याचे हात असेच व्हायचे.
मी धरून ठेवायची,
थांबावेत म्हणून."
यावर मास्तरानं काय बोलायचं असतं
ते आमच्या पुस्तकात नाही.
"पुन्हा," म्हणालो.
सात वेळा. त्यांच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही,
तरी माझा उजवा पाय सातही वेळा
पायपुसणं दाबत होता.

पाचव्या दिवशी खरा रस्ता. जंगल, संधिप्रकाश.
वळणावर रेनडिअर.
मी तोंड उघडेपर्यंत पट्ट्यानं मला सीटवर आवळलं होतं,
पेडल थडथडत होतं,
आणि त्यांचा पाय तिथेच होता.
गाडी थांबली. रेनडिअरनं आमच्याकडे पाहिलं,
फारसं मनावर घेतलं नाही.
एक दिसला की दुसरा असतोच, हे सांगायच्या आत
लाल त्रिकोणाचं बटण त्यांनी दाबलंही होतं,
चारही दिवे टिक टिक टिक.
दुसरा आला. मग तिसरा, चौथा,
लग्नाला उशिरा निघालेल्या पाहुण्यांसारखे,
घाई कुणालाच नाही.

मागे थांबलेल्या व्हॅनमधून एक पोरगा उतरला,
काचेवर टकटक.
"आजी, वायर."
इंजिन गरम ठेवायची ती वायर
बंपरमधून लोंबत होती,
टोकाचा प्लग बहुधा अजून त्यांच्या अंगणातल्या खांबात.
काचा, आरसे, दिवे, टायर, पट्टे,
निघण्यापूर्वी सगळं मी जातीनं तपासलं होतं.
अकरा किलोमीटर ती फरफटत आली होती.

राइलीबाई आधी गप्प, मग हसल्या,
इतक्या की चश्मा काढावा लागला.
मग पावती काढली, पेन माझ्याच खिशातलं घेतलं,
आणि "अकरा"च्या खाली लिहिलं:
वायर.