चांगलं फुगलंय

पहाटेचे तीन. गेंट शहरात या वेळी
पाव भाजणारे जागे असतात,
आणि माझ्यासारखी एखादी,
पाच लिटरच्या काचेच्या भांड्याशी बसून
ऑक्सिजनचा आकडा उतरायची वाट पाहणारी.

भांड्यात यीस्ट आहे. तीस अंशांवर.
काल रात्रीपर्यंत ग्लिसरॉलवर पोसलं, लाडाकोडात.
आता नळीतून मिथेनॉल सोडलंय,
दारूची ती आंधळं करणारी सावत्र बहीण.
तिची चव लागली की हे कामाला लागतं.
वास आधी पिकल्या सफरचंदाचा, मग ओल्या पोत्याचा.

त्याच्या गुणसूत्रात आम्ही एक ओळ घुसडलीय,
परक्या घरची, एका गाठीच्या अंगावरची.
ते ओळ वाचतं, अर्थ विचारत नाही,
गाठीच्या प्रथिनाचा तेवढाच तुकडा
घडवतं आणि बाहेर टाकतं, घडवतं आणि बाहेर टाकतं,
चोर सापडायच्या आधी
गावभर त्याचं तोंड चिकटवत सुटावं तसं.

माझे वडील ओमेर. लेडेबर्गला त्यांची बेकरी होती.
कोपरापर्यंत पीठ, मोज्यांतसुद्धा पीठ.
डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचं यकृत दाखवलं
तेव्हा चष्मा न लावताच ते बराच वेळ बघत राहिले.
म्हणाले, "चांगलं फुगलंय."
आई हसली नाही. मी हसले.
ते हसू अजून घशात आहे,
आत कच्चं राहिलेल्या पावासारखं.

वानेसची तक्रार असते की
हे यीस्ट नुसत्या प्रथिनावर थांबत नाही,
वर साखर पेरतं, मॅनोजच्या लांबलचक माळा.
दुसऱ्या औषधात हा दोष झाला असता.
मी म्हणते, असू दे.
रक्तातले पहारेकरी साध्या हाकेला उठत नाहीत,
गुळाला मुंगळे तसे या साखरेला तरी येतील,
साखरेखालचा चेहरा बघून ठेवतील.
वानेस म्हणतो, "तरी"वर प्रबंध लिहिता येत नाही.
खरं आहे त्याचं.

तीन वर्षांत दोनदा विरजण पडलं या कामावर.
एकदा पेशींनी आपलंच प्रथिन कुरतडून खाल्लं.
एकदा अनुदान संपलं,
आणि आम्ही टिपणाऱ्या नळ्या धुऊन धुऊन वापरल्या.

आज सकाळी जेलवर निळी पट्टी उमटली,
असायला हवी तिथेच,
नखाच्या बुडाशी असते त्या चंद्रकोरीएवढी.
लिसेलोटने फोटो काढला, तारीख टाकली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
अजून उंदीरसुद्धा लांब आहेत, माणसं तर कुठल्या कुठे.
उरलेलं यीस्ट मी तापवून मारलं, रोजच्यासारखं.
ते कुठल्या कामाला आलं, हे त्याला कळायचं नव्हतंच.

लाई नदीच्या काठाने सायकलवरून घरी आले.
बेकरीच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे.
तळघराच्या जाळीपाशी सवयीने पाय टेकला.
गरम वाफ येत नाही तिथून.

आईने दार उघडलं, माझी बाही हुंगली.
काही विचारलं नाही.
कोट तेवढा आत न नेता
गॅलरीतल्या खुंटीला टांगला,
त्यांचा टांगायची तिथे.