विद्यमान दातांची संख्या

गजक कुंदाने मोडून खाल्ली नाही, सरळ चावली,
आणि दौलतगंजातल्या आमच्या स्वयंपाकघरात
टच् असा आवाज झाला.
मला वाटलं, कप फुटला.

डॉक्टर भदौरियांनी आकडा लिहिला
आणि कागद माझ्याकडे सरकवला, तिच्याकडे नाही.
रूट कॅनल, वर टोपी.
टोपी कुणाला, ते मी विचारलं नाही.

विमा असता तर, म्हणत
तोमरांचा मुलगा तीन रंगीत पत्रकं ठेवून गेला.
पहिल्या पानावर एक बाई हसतेय.
दाखवायचे दात.
मी चौतीस वर्षं सहकारी बँकेत हिशेब तपासले,
मी शेवटच्या पानापासून वाचतो.

चांदीची योजना: हप्ता अठराशे.
सफाई वर्षातून दोनदा, दात भरणं, दात काढणं.
रूट कॅनलसाठी एक वर्ष थांबा.
दात थांबेल का, यावर कलम नाही.

सोन्याची: बेचाळीसशे.
निम्मे ते देणार, निम्मे आपण,
वर्षाची मर्यादा दहा हजार,
आणि दवाखाना त्यांच्या यादीतलाच हवा.
यादीत भदौरिया नाहीत.
सगळ्यात जवळचा मुरारला, तोही दुसऱ्या मजल्यावर.

तिसरी हिऱ्याची. हप्ता ऐकून
कुंदा गालावरचा हात न काढता म्हणाली,
तेवढ्यात हिराच बसवून घेते.

बारीक अक्षरात होतं: अपघाताने तुटल्यास प्रतीक्षा नाही.
तोमरला फोन लावला. गजक अपघातात येते का?
तो बराच वेळ गप्प.
"अंकलजी, गजक तो आदत है."
उत्तर बरोबर होतं. मी समासात खूण केली.

म्हणजे हा दात आपल्याच खिशातून.
हा आता आधीपासूनचा आजार,
कुठल्याच योजनेला तो ओळख देणार नाही.
प्रश्न उरलेल्यांचा.

रकाना अकरा: विद्यमान दातांची संख्या.
रकाना बारा: पूर्वी गेलेले दात. यांचा विचार केला जाणार नाही.

तिला खिडकीशी बसवलं, मोबाइलचा टॉर्च लावला.
लग्नाला चव्वेचाळीस वर्षं.
या घरात मी सिलिंडर मोजले, विजेचे युनिट मोजले,
दुधाचे खाडे मोजले,
हिच्या तोंडात कधी डोकावलो नव्हतो.
खाली डावीकडे दोन जागा रिकाम्या.
एक शैलाच्या वेळची, ती मला माहीत होती.
दुसरी?

"अहाऐंई," ती म्हणाली, तोंड उघडंच ठेवून.
शहाऐंशी. मी तेव्हा शिवपुरी शाखेत.
भरायचे ऐंशी सांगितले होते, काढायचे दहा.
मग तिने जबडा मिटला आणि नीट सांगितलं:
सत्तर वाचले होते.
तुम्हाला त्यातून स्वेटरची लोकर आणली.

तो राखाडी. कोपरावर विरला
तेव्हा मीच बोहारणीला देऊन टाकला होता.

दात कोरून पोट भरत नाही, हे मलाही कळतं,
पण सफाईला वर्षातून दोनदा जावंच लागेल,
पैसे भरलेत म्हणून तरी जाईल ती.
चांदीवर खूण केली.
रकाना अकरात लिहिलं: सव्वीस.

"सत्तावीस," कुंदा म्हणाली. जिभेने मोजून.
"अगदी मागे एक आहे, अर्धाच आलेला."

हिशेब जुळल्याशिवाय मी सही करत नाही.
तिला ते माहीत आहे.
तिने परत तोंड उघडलं,
आणि माझं मनगट धरून
टॉर्च थोडा आत वळवला.