वरचा एक

रात्री एक दहाला ट्रॉम्बे कोळीवाड्यातून
रिक्षाने आली जयवंती,
खांद्यावर तीन वर्षांची दुर्वी,
पदराला आंबूस वास आणि एकच वाक्य:
सिस्टर, पोटात काही ठरत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, किती वेळा?
मोजायचं सोडलं, म्हणाली.
हिरवी होती का? रक्त?
शेवटची शू कधी?
ह्यावर ती गप्प. मग,
दुपारची चड्डी अजून कोरडी आहे.

पोट दाबलं तशी पोर रडली,
तोंड पूर्ण उघडून, पण डोळ्यांत टिपूस नाही.
अशा रडण्याला आम्ही घाबरतो.

वजन अकरा किलो.
अर्धी गोळी जिभेवर, विरघळणारी.
मग वीस मिनिटं काहीच द्यायचं नाही.

आये, पानी.
जयवंतीने बाटली उघडलीच होती, मी मनगट धरलं.
एकदम नाही. पाच मिनिटांनी एक चमचा,
ओआरएसचा. छोटा.
काटा मारणाऱ्याकडे बघावं
तसं बघितलं तिने माझ्याकडे.

मार्केटात वाट्यावर एक बोंबील
वरचा घालते मी, न मागता,
आणि पोटच्या पोरीला चमचाभर?
चमचाभरच, म्हटलं. वरचा एक थेंब नाही.
माझा आवाज मलाच आवडला नाही.

चमचा. पाच मिनिटं. चमचा.
चौथा बाहेर आला, ट्रेपर्यंत पोचलाच नाही,
माझ्या चपलेवर.
दहा मिनिटं थांबून पुन्हा पहिल्यापासून.
शेजारी कुणाचं तरी नेब्युलायझर फुसफुसत होतं.

साडेतीनला तिच्या फोनचा अलार्म वाजला,
भाऊच्या धक्क्याचा.
लिलावात ह्या वेळी ती कोपराने वाट काढत असते.
तिने तो बंद केला,
त्याच बोटांनी चमचा उचलला,
काठोकाठ भरला होता, थोडा झटकला.
मी काही बोलले नव्हते.

पाचच्या पुढे कधीतरी
दुर्वी तिच्या मांडीवर मुतली,
लुगड्यातून गादीवर, गादीवरून लादीवर,
आणि होडी दिसल्यावर किनाऱ्यावरून ओरडतात
तशी जयवंती ओरडली, सिस्टर, झाली!
वॉर्डबॉय तडवीने नुकतीच लादी पुसलेली.
तोंडात आलेली शिवी त्याने गिळली
आणि बादली उचलली.

शिरेसाठी काढलेली सुई मी परत ठेवली.
तक्त्यात वेळ लिहिली, पाच दहा.
प्रमाणाच्या रकान्यात मिलिलीटर लिहायचे असतात.
मी लिहिलं, भरपूर.