पान एकशे बारा

यंत्र मार्चमध्येच तयार झालं होतं.
कामिइझुमीसान म्हणाले, चल, आता दारं ठोठावू.
बॅग मी उचलायचो.
दोन नमुने, वायरींची गुंतवळ, आणि एक जाडजूड माहितीपुस्तिका,
जिच्यातल्या चाळीस चुका आम्हाला ठाऊक होत्या
आणि बाकीच्या नव्हत्या.

नागोया, फुकुओका, निइगाता.
सगळीकडे कोमट चहा आणि एकच प्रश्न,
आजवर किती विकली गेली?
आम्ही म्हणायचो, तुमचे खेळ आले की विकली जातील.
ते म्हणायचे, विकली गेली की आमचे खेळ येतील.
लग्न झाल्याशिवाय वेड जाईना
आणि वेड गेल्याशिवाय लग्न जमेना.
परतीच्या गाडीत कामिइझुमीसान बॅग मांडीवर घेऊन बसायचे,
मला देत नसत.

घरचे होते तीनच खेळ.
मोटारींची शर्यत, केळी चोरणारं माकड, माहजोंग.
अध्यक्ष म्हणायचे, पुरे आहेत की.
त्यांना माहजोंग आवडायचं.

हाकोदातेला पोचलो ते ऑक्टोबरात.
वाळत घातलेल्या माकुळांचं दुकान, त्याच्यावर एक खोली,
खोलीत तीन माणसं आणि एक रॉकेलचा हीटर.
ओतोबे नागिसा त्यांच्यातली सगळ्यात लहान.
तिनं आकडा विचारलाच नाही.
बोटांना लागलेला संत्र्याचा रस पँटला पुसत
पुस्तिका भराभर चाळली,
मग म्हणाली,
पान एकशे बारावर लिहिलंय, असं करू नका.
का?

कामिइझुमीसान गप्प.
ते वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं होतं.
चित्र फाटतं बहुतेक, ते म्हणाले.
बहुतेक, ती म्हणाली, आणि पानाचा कोपरा दुमडला.

जानेवारीत पार्सल आलं.
कार्यालयात आम्ही चौघंच, बाकीचे जेवायला गेलेले.
पडद्यावर बंदर.
बंदरावर धुकं, आणि धुक्याच्या पलीकडे
एका होडीचा कंदील,
दिसतोय, नाहीसा होतोय, पुन्हा दिसतोय.
आमच्या यंत्राला आरपार दाखवता येत नाही,
हे आम्हीच तक्त्यात छापलं होतं.
तिनं एक रेघ ठेवली होती, एक वगळली होती,
पुढच्या क्षणी वगळलेली ठेवली, ठेवलेली वगळली,
आणि उरलेलं काम टीव्हीच्या जुन्या काचेवर सोपवलं होतं.
पान एकशे बारावर मनाई होती ती नेमकी हीच.

सहा वर्षं ज्यांनी त्या चिपच्या रेघा आखल्या
त्या माणसानं खोक्यावर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
याला हे येतं? ते म्हणाले.
कुणाला विचारलं कोण जाणे.

ही गोष्ट इथं संपायला हवी होती.
पण दुकानात आमचं फडताळ आधी कमरेला होतं,
मग गुडघ्याला आलं,
मग घोट्याला.
समोरच्यांकडे दोनशे खेळ, आमचे सगळे मिळून अकरा.
अकरातल्या एकात धुकं होतं.
तेवढ्यासाठी कोण यंत्र घेतं?
घेतलं काहींनी. त्यांची पत्रं यायची,
होडीत कोण आहे, असं विचारणारी.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये कारखान्यात त्याच पट्ट्यावर
भात शिजवायच्या कुकरची बटणं बनू लागली.
परिपत्रक माझ्या हातात होतं, अजून उघडलेलंही नव्हतं त्यांनी,
तेव्हाच फोन वाजला.
हाकोदाते.
ती भरभर बोलत होती, मला इथवर ऐकू येत होतं.
या खेपेला बर्फ करतेय,
वेगळं रजिस्टर सापडलंय, तुम्हालाही माहीत नसेल,
पण वसंत उजाडेल, चालेल ना?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केला.
त्यांनी वाचला, पालथा ठेवला, वर पेन ठेवलं.
सावकाश करा, ओतोबेसान, ते म्हणाले.
आमच्याकडून काही घाई नाही.

पुस्तिकेची ती प्रत आता माझ्याकडे आहे.
पान एकशे बारा. असं करू नका.
खाली पेन्सिलीनं, त्यांच्या तिरक्या अक्षरात:
का, ते हाकोदातेला विचारा.