डिंजी

स्नेहलतागंजातल्या शिकवणीत
मंदार वाघोलीकरनं विचारलं,
"डिंजी म्हणजे?"

कोशात होतं: मळकट, कळकट, निस्तेज.
मी फळ्यावर लिहिलं, नव्या खडूनं.

पटेना त्याला.
"मळकट तर धुतलं की जातं, मॅडम.
आईनं बाबांचा मिलमधला शर्ट
परवा तिसऱ्यांदा निळीत बुडवला.
मिल तर बंदच आहे,
घालत पण नाहीत ते.
तरी दोरीवर पाहिलं, तर
पांढरा नाही,
मळलेलाही नाही."

पारोसा, म्हणणार होते.
नाही म्हटलं.

"वाक्यात उपयोग कर."

पेन्सिलनं त्यानं काहीतरी लिहिलं,
खोडरबरानं घासलं,
पुन्हा लिहिलं, पुन्हा घासलं,
आणि वही सरकवली माझ्याकडे.

वाक्य नव्हतं.
कागद तेवढा त्या ओळीपुरता
तसा झाला होता.