पूर्णा जंक्शन, वीस मिनिटं

उत्तरेश्वर सुरनरला मी तीन वर्षं ओळखत होतो
ते बोटांनी.
त्याच्या बोटांनी लिहिलेलं माझ्या बोटाने वर सरकवत.
रात्री पावणेबाराला माझ्या उशाशी उजेड पडायचा :
'कंडेन्सर फुगलंय. घाई नका करू.
जुना रेडिओ म्हणजे म्हातारा बैल,
दावं ढिलं सोडून बघा, आपसूक उठतो.'
असं लिहायचा. सलग.
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

बायको विचारायची, कोण हो हा?
मित्र.
दिसतो कसा?
मग मी आठवायला लागायचो, आणि आठवायचं एक टेबल,
पत्र्याच्या डबीतले स्क्रू,
फोटोच्या कडेला चुकून आलेला अर्धा अंगठा.

नांदेडहून हिंगोलीला जाताना
गाडीचं तोंड पूर्णेत फिरतं.
इंजिन या टोकाचं सुटून त्या टोकाला लागतं,
तेवढी वीस मिनिटं आम्ही ठरवली.
पुढच्या गाडीने जा, असं तो म्हणाला नाही.
मीही नाही.

पाणपोईजवळ उभा होता. माझ्या खांद्याइतका.
रेडिओवाल्याची उंची किती असावी
याचा मी कधी विचार केलेला, हे तेव्हा कळलं.
म्हणालो, सुरनर ना?
त्याने तोंड उघडलं
आणि काही आलं नाही.
ओठ जुळले, सुटले, जुळले.
मानेची शीर ताठ. डोळे गच्च.
'ब'वर अडकला होता.
बाकाकडे हात होता, म्हणजे 'बसा'.

फोनवर असंच तर व्हायचं.
तीन ठिपके उमटायचे, हलायचे, विझायचे, परत उमटायचे.
मी तोवर कूस बदलायचो, तांब्यातलं पाणी प्यायचो,
एकदा तर पंख्याचं बटण दुरुस्त करून आलो.
इथे ठिपक्यांच्या जागी गळा होता
आणि कुठे बघावं ते मला सुधरेना.
मी इंजिनाकडे बघितलं.
मी इंजिनाकडे बघितलेलं त्याने बघितलं.

मग तो बोलायचंच सोडून पिशवी उपसायला लागला.
धपाटे. दह्याची बरणी.
वर्तमानपत्रात, त्यावर परत रुमालात गुंडाळलेला
एक व्हॉल्व्ह, ज्याच्यासाठी मी दीड वर्ष
हैदराबादपर्यंत माणसं कामाला लावली होती.
काच गरम होती. बहुतेक त्याच्या बगलेची.

'तु, तुम्ही,' तो म्हणाला,
'तुम्ही ह, हसत नाईत की हो.'

आता काय सांगू.
मी ओळीओळीला हाहाहा लिहायचो. कधी सहा, कधी सात हा.
त्याने तीन वर्षं एक लई हसरा माणूस जपून ठेवलेला,
आणि डब्यातून उतरला हा.
हसताना माझ्या नाकातून थोडी हवा जाते, बस्स.
मी ती जाऊन दाखवली.
त्याला वाटलं, सर्दी आहे.

शिट्टी झाली.
येताना माझी जागा इंजिनाकडे तोंड करून होती,
आता तीच पाठमोरी.
त्यामुळे तो जास्त वेळ दिसत राहिला,
रिकामी पिशवी घडी घालत,
घडी नीट आली नाही म्हणून परत उलगडत.

हिंगोलीत रात्री उजेड पडला.
'पोचलात का? धपाटे बहिणीने केले. खरं सांगा, कसे झाले?'
कुठे अडखळणं नाही.

मी हा लिहिला. पुसला.
लई भारी लिहिलं. पुसलं.
तिकडे त्याला माझे ठिपके दिसत असणार,
बराच वेळ.
तो पाणी प्यायला उठला नसेल, असं का कोण जाणे वाटलं.
शेवटी पाठवलं :
मीठ जरा जास्त पडलंय.

लगेच आलं : हाहाहाहाहाहा.

ते मी दोनदा वाचलं.
वीस मिनिटांत हे तेवढं ऐकायचं राहून गेलं होतं.