तिसरा ॲक्सल

हा तिसरा.
शनिवारी रात्री, सालिनासच्या सरळ पट्टीवर
हिरवा दिवा लागला, एलाडिओमामाने क्लच सोडला
आणि पुढची चाकं डांबरावर
तापल्या तव्यातल्या लाह्यांसारखी उडायला लागली.
धडधडधडधड. मग आतून एक टक्.
इंजिन बोंबलतंय, गाडी जागच्या जागी.
शेजारच्या पट्ट्यातला अरोयोचा पोरगा
तोवर अंधारात दिसेनासाही झाला होता.

दोरीने ओढत घरी आणली. दीड वाजता मामी दारात:
"माझी गाडी आहे ती, एलाडिओ.
सकाळी मला चर्चला कोण नेणार,
तुझा तो आचरट पाय?"

मामा म्हणाला, टायर हलके.
मग म्हणाला, रस्ता.
मग म्हणाला, आजकालचं पोलाद.
पाय हा शब्द त्याने उच्चारला नाही.

ओबेदने फोनवर सगळं टिपलं होतं, मंदगतीत.
आम्ही तिघं गॅरेजच्या पायरीवर, डोक्याला डोकं लावून:
टायर आधी डांबराला धरतो, मिठीच मारतो.
त्या ओढीने कंट्रोल आर्म ताणला जातो,
बुशचं रबर पिळवटतं,
इंजिन चार बोटं मागे रेलतं,
टायरची कड सुरकुतते,
आणि सोसवेनासं झालं की तो सुटतो.
सुटला की सगळं जागेवर. जागेवर आलं की पुन्हा मिठी.
सेकंदात दहा-बारा वेळा
हे भांडण, हा समेट,
आणि दर खेपेला मधल्यामध्ये मार खातो ॲक्सल,
ज्याचं कुणाशीच वाकडं नव्हतं.

"म्हणजे जोर कमी करायचा?" ओबेदने विचारलं.
जोर राहू दे, म्हटलं. ढिलाई काढू.

ओबेद गाड्यांच्या काचा बसवणाऱ्याकडे कामाला.
काचेच्या काळ्या गोंदाच्या चार नळ्या घेऊन आला,
विकत की कशा, मी विचारलं नाही.
मागच्या माउंटच्या पोकळ्यांत तो भरला
चमच्याने दाबून दाबून, हवेला जागा न ठेवता.
सुकायला आठ दिवस.
आठ दिवस मामा गॅरेजभोवती घिरट्या घालत होता
बाळंतिणीच्या खोलीबाहेर घालतात तशा,
आणि रोज एकदा नखाने टोचून बघायचा.
पाचव्या दिवशी मी त्याच्या बोटांवर पाना मारला.

जुने बुश व्हाइसमध्ये दाबून काढले. हातात आला भुगा.
नवे पिवळे, कडक, नखाला दाद न देणारे.
लाइट गेली. शेजाऱ्याच्या जनरेटरवरून वायर ओढून
उरलेले नट आवळले.

रविवारी मामी चर्चला जाऊन आली.
आरशाला टांगलेली जपमाळ अजून हलत होती.
कवळी रुमालात गुंडाळूनच उतरली.
"चाकातली थरथर काढलीत," ती बोळक्या तोंडाने म्हणाली,
"आणि माझ्या दातांत आणून घातलीत."

खरंच होतं. थरथर काही मरत नाही.
आधी रबर तिला गिळून बसायचं,
आता ती सीटमधून, स्टिअरिंगमधून, मणक्या-मणक्याने वर चढते.
कुठेतरी ती राहायला जाणारच.

शनिवारी निघताना मी मामाच्या खिडकीशी वाकले.
टायरची थोडी हवा उतरवलीय, म्हटलं.
आणि क्लच सोडू नकोस, दे.
तो समोर बघत राहिला.
हिरवा दिवा.
चाकं डांबराला चावली, किंचित घसरली, चावतच राहिली.
एकही उडी नाही.
अरोयोच्या पोराच्या मागे राहिलो आम्ही, बंपरभर.
मामा हरून परतला, उतरल्या उतरल्या
गाडीखाली बॅटरी मारून बघितली,
आणि पहिल्यांदाच म्हणाला, पाय बरा होता ना?

तुटलेला तिसरा मामीने परसात रोवलाय.
वाऱ्याने कललेल्या तुरीला त्याचा टेकू.
सुतळीची गाठ मी घट्ट करायला गेले
तर हात धरला तिने.
झाड आहे, म्हणाली.
त्याला थोडं हलू दे.